एक टेबल, दोन कॉम्प्युटर, मॉनिटर-कीबोर्ड-माउस मात्र एकच: कसं जमवायचं?

शांभवी_न

नमस्कार मंडळी. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला टेबलामागे वाकून वायरी काढा-घाला करायचा जाम कंटाळा आलाय, म्हणून हा धागा. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगते. ऑफिसचा लॅपटॉप विंडोज ११ वर आहे. त्याला एक एचडीएमआय, दोन टाइप-सी आणि एक साधा यूएसबी पोर्ट. घरचा डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डवाला आहे, त्यावर मी संध्याकाळी मुखपृष्ठांची आणि चित्रांची कामं करते. मॉनिटर २७ इंची, रिझोल्यूशन २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं. त्याच्या मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, टाइप-सी नाही. शिवाय वायरवाला मेकॅनिकल कीबोर्ड, डाँगलवाला माउस, वेबकॅम, यूएसबी हेडसेट आणि ड्रॉइंग टॅबलेट. सध्या मॉनिटरला एकच एचडीएमआय केबल लावलेली आहे आणि तीच इकडून तिकडे फिरवते. लॅपटॉपचा पोर्ट आता सैल लागायला लागलाय, ती भीती वेगळीच.

खोली लहान, टेबल चार फुटी. दुसरा मॉनिटर ठेवायला जागा नाही, आणि ठेवायचाही नाही.

अटी अशा:
ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करता येत नाही, आयटीवाले परवानगी देत नाहीत.
डेस्कटॉपवर १४४ हर्ट्झ टिकायला हवेत.
इकडून तिकडे गेलं की उघडलेल्या खिडक्या विस्कटायला नकोत.
खर्च पाच-सहा हजारांच्या आत.

केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटर-कीबोर्ड-माउसवर दोन कॉम्प्युटर चालवणारी डबी) घ्यावा का? घेतला तर कोणता?

गणेश_के

ताई, सरळ एचडीएमआयवाला दोन पोर्टांचा केव्हीएम घ्या. ऑनलाइन दोन-अडीच हजारांपासून मिळतात. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप आणि जुना पीसी असं आहे, बटण दाबलं की झालं. २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे, काही त्रास नाही.

वाचक_नाशिक

वाचतोय. आमच्याकडेही हीच रड आहे.

तारायंत्र

गणेश, फुल एचडीला तो डबा चालतो, त्यात वाद नाही. शांभवीताईंच्या मॉनिटरला चालणार नाही, आणि का ते नीट सांगतो, कारण दुकानदार आणि ऑनलाइन पानं नेमकी इथेच दिशाभूल करतात.

स्वस्तातले बरेच केव्हीएम आतून एचडीएमआय १.४ चे असतात. डब्यावर मोठ्या अक्षरात '४के' छापलेलं असतं, ते खोटंही नसतं, पण ते ४के सेकंदाला फक्त ३० चित्रांचं. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. त्यात १४४० रिझोल्यूशन ७५ हर्ट्झपर्यंत बसतं, १४४ बसत नाही. त्यासाठी १८ गिगाबिटचा एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो. डिस्प्लेपोर्टवाले चांगले केव्हीएम मिळतात, पण ते तुमच्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी वर जातात. इतका वेगवान सिग्नल मधल्या डब्यातून आरपार न्यायचा तर तो आत पुन्हा ताजा करून पाठवावा लागतो, आणि पैसे त्याचेच असतात. ते वगळून केलेल्या स्वस्त डब्यांत पडदा मध्येच काळा होतो, मग लोक केबलवर केबल बदलत बसतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला केव्हीएमची गरजच नाही.

केव्हीएम म्हणजे चित्र, कीबोर्ड आणि माउस एकत्र फिरवणारी डबी. पण चित्र फिरवणारा स्विच तुमच्या मॉनिटरमध्ये आधीच आहे! त्याला दोन इनपुट आहेत. डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टला जोडा, लॅपटॉप एचडीएमआयला जोडा, दोन्ही केबली कायमच्या लावून ठेवा. चित्राचा प्रश्न तिथेच मिटला, आणि तोही सिग्नलच्या वाटेत काहीही न घालता.

उरलं यूएसबी. त्यासाठी 'यूएसबी शेअरिंग स्विच' नावाची वेगळी वस्तू मिळते. एका बाजूला दोन कॉम्प्युटरांच्या वायरी, दुसऱ्या बाजूला चार पोर्ट, वर एक बटण. साधारण दीड-दोन हजारांत येतो. घेताना एवढं बघा:

बटण वायरवर वेगळं आलेलं असेल तर उत्तम. डबी टेबलाखाली चिकटवता येते आणि बटण तेवढं हाताशी राहतं.

५ व्होल्टची जादा वीज बाहेरून घेण्यासाठी छोटा पोर्ट असावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. तेवढ्यावर चारही वस्तू चालवायच्या असतात. दिव्यांचा कीबोर्ड आणि वेबकॅम एकत्र आले की कधीकधी कमी पडतं. अशा वेळी मोबाइलचा जुना चार्जर लावला की काम होतं.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क त्या स्विचवर लावू नका. बटण दाबणं म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने वायर उपटणं. कीबोर्डला त्याने काही होत नाही, चालू कॉपीची मात्र वाट लागते.

ड्रॉइंग टॅबलेट स्विचवर नको. तो डेस्कटॉपलाच लागतो ना? मग थेट तिथेच राहू द्या. जे खरंच दोन्हीकडे लागतं तेवढंच स्विचवर.

मुग्धा_ठाणे

तारायंत्र यांना +१. चित्र आणि यूएसबी वेगळं करा, अर्धी डोकेदुखी जाते. आमच्याकडे असंच आहे.

शांभवी_न

तारायंत्र, मनापासून आभार. मॉनिटरच्या दोन इनपुटांचा असा विचारच कुठे वाचला नव्हता, सगळीकडे केव्हीएमच गळ्यात मारतात.

एक शंका. मग दर वेळी दोन कामं करावी लागतील ना? यूएसबीचं बटण दाबायचं, आणि मग मॉनिटरच्या मागे हात घालून ती छोटी काडी हलवून मेन्यूतून इनपुट बदलायचा. दिवसातून एखाद वेळ ठीक आहे, पण मी मधल्या सुट्टीतही डेस्कटॉपवर डोकावते. ती काडी चार वेळा हलवावी लागते.

कोल्हापूरकर

मी वेगळा मार्ग सांगतो. स्विचच नको. तीन उपकरणांशी जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. लॉजिटेकचा के३८० माझ्याकडे आहे, वरच्या तीन पिवळ्या बटणांवर तीन कॉम्प्युटर. एक दाबलं की लॅपटॉप, दुसरं दाबलं की पीसी, तिसरं दाबलं की मोबाइल. माउस एम७२०, त्याच्या अंगठ्याजवळ तसंच बटण. वायर नाही, डबी नाही, टेबल मोकळं.

तारायंत्र

कोल्हापूरकर, हा मार्ग चांगलाच आहे आणि ज्यांना वेबकॅम वगैरे फिरवायचा नाही त्यांना मी हाच सांगेन. पण मर्यादा माहीत असाव्यात. डेस्कटॉपला ब्लूटूथ नसेल तर डाँगल घ्यावं लागतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) शिरायचं असेल किंवा लॅपटॉप सुरू होतानाच बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कच्या कुलपाचा, पिन मागत असेल, तर तिथे ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही, कारण विंडोज अजून जागंच झालेलं नसतं. शिवाय कीबोर्डचं एक बटण, माउसचं दुसरं. माउस घेताना बटण कुठे आहे तेही बघा. काही महागड्या माउसांना ते पोटाखाली असतं, दर वेळी उलटा करावा लागतो.

शांभवीताईंचा मेकॅनिकल कीबोर्ड चांगला चालतोय. तो बदलायचं कारण नाही.

सर्व्हररूम

कंपन्यांच्या आयटी विभागात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून 'इन्स्टॉल करता येत नाही' या अटीबद्दल लिहितो. कोणीतरी सॉफ्टवेअर सुचवेलच, त्याआधी.

एका कीबोर्ड-माउसवर नेटवर्कमधून दोन कॉम्प्युटर चालवणारी सॉफ्टवेअरं आहेत आणि ती चांगली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये २०२३ पासून 'माउस विदाउट बॉर्डर्स' आहे, ॲपलचं 'युनिव्हर्सल कंट्रोल' २०२२ मध्ये आलं, मुक्त स्रोतात 'डेस्कफ्लो' आहे. दोन्ही यंत्रं स्वतःची असतील तर जरूर वापरा. माउस एका पडद्याच्या कडेवरून दुसऱ्या पडद्यावर सरकतो, कॉपी-पेस्टही होतं. पण त्याला दोन पडदे समोर हवेत. एकाच मॉनिटरवर त्याचा उपयोग अर्धाच.

आणि ऑफिसच्या यंत्रावर ते नकोच. तुमचा प्रत्येक टाइप केलेला अक्षरन् अक्षर, पासवर्डसकट, घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडून येतो. कुठलाही सुरक्षा विभाग याला हो म्हणणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. बऱ्याच ठिकाणी व्हीपीएन लागलं की घरातल्या इतर यंत्रांशी लॅपटॉपचं बोलणंच बंद होतं, त्यामुळे चोरून लावलं तरी चालत नाही.

यूएसबी स्विचचं तसं नाही. लॅपटॉपला एवढंच दिसतं की हब आणि कीबोर्ड लागला, हब आणि कीबोर्ड निघाला. तरीही बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी कोणती यूएसबी उपकरणं चालतील याची यादी ठरलेली असते. तिथे कीबोर्ड चालेल आणि वेबकॅम अडेल असं होऊ शकतं. म्हणून आयटीला एक ओळीची मेल टाकून विचारा: 'यूएसबी स्विचमधून कीबोर्ड, माउस आणि वेबकॅम लावू का?' लेखी हो आलं की निर्धास्त.

जाता जाता: केव्हीएमचा जन्म आमच्याच खोल्यांतला. एका रॅकमध्ये आठ-सोळा सर्व्हर, त्यांना मिळून एक मॉनिटर आणि एक कीबोर्ड. स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं आणि आकडा टाइप करायचा, की तो सर्व्हर पडद्यावर. पुढे आयलो, आयड्रॅक असे जाळ्यावरून चालणारे कन्सोल आले आणि रॅकजवळ उभं राहायची गरज कमी झाली. घरच्या टेबलावर मात्र तीच जुनी गरज परत आली आहे.

तारायंत्र

शांभवीताई, तुमच्या काडीच्या प्रश्नाकडे येतो. याला खरंच छान उत्तर आहे, आणि ऑफिसच्या लॅपटॉपला हातही न लावता.

मॉनिटरच्या केबलमधून चित्राबरोबर एक छोटी बोलायची वाटही असते, डीडीसी-सीआय नावाची. तिच्यावरून कॉम्प्युटर मॉनिटरला सांगू शकतो: प्रकाश कमी कर, आवाज वाढव, इनपुट बदल. इनपुटचा कोड हेक्समध्ये ६०. त्याला साध्या दशमान आकड्यांत १५ पाठवलं की पहिला डिस्प्लेपोर्ट, १७ पाठवलं की पहिला एचडीएमआय. हे आकडे मानकातलेच आहेत, पण काही मॉनिटर आपले वेगळे आकडे वापरतात, म्हणून आधी तपासायचं. विंडोजवर निरसॉफ्टचं 'कंट्रोल माय मॉनिटर' हे छोटं फुकट साधन आहे, लिनक्सवर 'डीडीसीयूटिल'.

आता गंमत बघा. 'डिस्प्ले-स्विच' नावाचा एक मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. तो मागे गुपचूप चालतो आणि एकाच गोष्टीवर नजर ठेवतो: ठरावीक यूएसबी उपकरण लागलं का, निघालं का. तुमच्या डेस्कटॉपवर त्याला सांगायचं:

यूएसबी स्विच माझ्याकडे आला, तर मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आण.
यूएसबी स्विच माझ्याकडून गेला, तर मॉनिटर एचडीएमआयवर ने.

झालं! सेटिंगच्या फाइलमध्ये तीन-चार ओळी. तुम्ही फक्त यूएसबीचं बटण दाबायचं, चित्र आपोआप मागे येतं. आणि दोन्ही दिशांचं काम डेस्कटॉपच करतो, लॅपटॉपवर काहीच लागत नाही. फाइलमध्ये उपकरणाचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी द्यावा लागतो, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळतो. कीबोर्डचा देण्यापेक्षा स्विचच्या आतल्या हबचा द्या, म्हणजे पुढे कीबोर्ड बदलला तरी फाइल बदलायला नको.

घोडं एकाच ठिकाणी अडू शकतं. काही मॉनिटर, जो इनपुट पडद्यावर दिसतोय फक्त त्याचंच ऐकतात. म्हणजे पडद्यावर लॅपटॉप असताना डेस्कटॉपने 'माझ्याकडे ये' म्हटलं तर दुर्लक्ष करतात. पुष्कळ मॉनिटर ऐकतात, पण खात्री करूनच स्विच मागवा. परीक्षा सोपी आहे: दोन्ही केबली लावा, डेस्कटॉपवरून १७ पाठवा, पडद्यावर लॅपटॉप येईल. आता डेस्कटॉपवर आधीच लावून ठेवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या टायमरने १५ पाठवा. पडदा परत आला तर तुमचं काम फत्ते. १७ पाठवूनही लॅपटॉप आलाच नाही, तर आधी मेन्यूत 'डीडीसी-सीआय' बंद तर नाही ना ते पाहा.

मुग्धा_ठाणे

अरे वा, हे मलाही माहीत नव्हतं! मी अजून काडी हलवते. आजच करून बघते. वाचनखूण साठवली.

अनिकेत_श्टुटगार्ट

इथे जर्मनीत आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर टाइप-सी मॉनिटर असतात. माणूस येतो, एक वायर लॅपटॉपला लावतो, कामाला लागतो. चार्जिंग, चित्र, नेट, कीबोर्ड सगळं त्याच वायरीतून. घरीही मी तसाच घेतला, डेलचा यू२७२३क्यूई. हा धागा वाचून कोणी नवा मॉनिटर घेणार असेल तर केव्हीएम आतच असलेला जरूर बघा. लॅपटॉप टाइप-सीने जोडायचा, तो ९० वॅटपर्यंत चार्जही होतो. दुसरा कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयने, आणि त्याच्या यूएसबीची वेगळी वायर मॉनिटरच्या दुसऱ्या अपस्ट्रीम (कॉम्प्युटरला जोडायच्या) पोर्टात. कोणत्या चित्राबरोबर कोणती यूएसबी हे मेन्यूत एकदा जुळवायचं. मग इनपुट बदलला की मॉनिटरला लावलेला कीबोर्ड-माउस त्याच्यामागे जातो.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. टाइप-सीच्या वायरीत वेगवान वाहतुकीच्या चार वाटा असतात. चित्राने चारही घेतल्या तर यूएसबीला जुना २.० चा वेग उरतो. दोन-दोन वाटून घेतल्या तर यूएसबी वेगवान होतं, पण डिस्प्लेपोर्ट १.२ च्याच लायकीच्या जुन्या लॅपटॉपवर ४के तीस हर्ट्झवर घसरतं आणि माउस ओढल्यासारखा वाटतो. मेन्यूत 'यूएसबी-सी प्रायॉरिटायझेशन' आहे, तिथे 'हाय रिझोल्यूशन' निवडायचं. कीबोर्ड, माउस आणि साध्या वेबकॅमला २.० पुरून उरतं.

नवरा_बायको_घरून

आमच्याकडे दोघांचे दोन लॅपटॉप आणि टेबल एकच. ती सकाळी बसते, मी दुपारनंतर. एकाच वेळी दोन्ही कधीच नसतात. आम्हाला काय लागेल?

तारायंत्र

तुम्हाला स्विचसुद्धा नको. दोन्ही लॅपटॉपना चित्र देणारा टाइप-सी पोर्ट असेल तर एक टाइप-सी डॉक घ्या. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, नेटची वायर सगळं डॉकला. डॉकची एक वायर टेबलाच्या कडेला क्लिपमध्ये अडकवून ठेवा. जो बसेल त्याने ती लावायची. टाइप-सीचा प्रत्येक पोर्ट चित्र देतोच असं नाही, हे मात्र खरेदीआधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहा. पोर्टाशेजारी 'डीपी' ची किंवा थंडरबोल्टची, म्हणजे बाणाचं टोक असलेल्या विजेची, खूण असेल तर बहुधा देतो.

डिस्प्लेलिंक तंत्राचे डॉक वेगळे. त्यांना ड्रायव्हर लागतो, म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर पुन्हा परवानगी आली. आणि मॅक असेल तर आणखी एक: एका वायरीतून दोन मॉनिटरवर वेगवेगळी चित्रं देणारं एमएसटी मॅकवर चालत नाही, दोन्हीकडे तेच चित्र येतं. एकच मॉनिटर असेल तर त्याची चिंता नाही.

शांभवी_न

परीक्षा केली! तारायंत्र, तुम्ही सांगितलंत तसंच. १७ पाठवल्यावर लॅपटॉप आला आणि टायमरने १५ पाठवल्यावर डेस्कटॉप परत आला. घरात एकटीच ओरडले आनंदाने.

आयटीला मेलही टाकली. कीबोर्ड, माउस, वेबकॅम तिन्हीला होकार आला. सर्व्हररूम, आभार.

आता स्विच मागवते. तोवर खिडक्यांच्या अटीबद्दल आणि हेडसेटबद्दल कोणी सांगाल का? मीटिंग चालू असताना चुकून बटण दाबलं गेलं तर?

सर्व्हररूम

हेडसेट स्विचवर लावू नका. स्विच फिरला की यूएसबी हेडसेट लॅपटॉपमधून 'गायब' होतो आणि मीटिंगचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर उडी मारतो. माइकही बदलतो. हेडसेट थेट लॅपटॉपच्या पोर्टात ठेवा. म्हणजे मीटिंग ऐकत ऐकत डेस्कटॉपवर काही बघता येतं, आवाज तुटत नाही. दोन्हीकडे लागतच असेल तर दोन उपकरणांशी एकाच वेळी जोडला जाणारा मल्टिपॉइंट ब्लूटूथ हेडसेट बघा.

स्पीकरसाठी एक सोपी युक्ती: मॉनिटरच्या मागे ३.५ मिमीचं ऑडिओ भोक असेल तर स्पीकर तिथे लावा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्हींतून आवाजही येतो, आणि मॉनिटर जो इनपुट दाखवतो त्याचाच आवाज त्या भोकातून देतो. चित्र फिरलं की आवाज फिरला, वेगळा स्विच नाही.

तारायंत्र

खिडक्यांचं असं आहे. मॉनिटरने इनपुट बदलला तरी न दिसणाऱ्या कॉम्प्युटरला 'मी अजून जोडलेला आहे' असं तो सांगत राहिला, तर काहीच हलत नाही. एचडीएमआयवर बहुतेक मॉनिटर तसं सांगत राहतात. डिस्प्लेपोर्टवर बरेच मॉनिटर 'मी गेलो' म्हणून मोकळे होतात. म्हणूनच मी मुद्दाम लॅपटॉप एचडीएमआयला म्हटलं होतं. लॅपटॉपला स्वतःचा पडदा असतो, मॉनिटर गेला असं वाटलं की सगळ्या खिडक्या तिकडे गोळा होतात. डेस्कटॉपला दुसरा पडदाच नाही, तिथे त्रास कमी.

तरी झालंच, तर विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे दोन खुणा आहेत. एक, मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवणारी. दुसरी, मॉनिटर निघाला की खिडक्या मिनिमाइझ करणारी. दोन्ही चालू ठेवा. काही इन्स्टॉल करायचं नाही, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवरही सहसा करता येतं.

गणेश_के

हे सगळं वाचून माझ्या डब्याचंही कोडं सुटलं. बटण दाबलं की खिडक्या दर वेळी लॅपटॉपवर उड्या मारतात, मला वाटायचं विंडोजच तसं आहे.

तारायंत्र

गणेश, ते केव्हीएममुळे आहे. स्वस्त डबा मॉनिटरची ओळख, म्हणजे ईडीआयडी, दुसऱ्या कॉम्प्युटरला देणं थांबवतो. चांगल्या डब्यांत 'ईडीआयडी एम्युलेशन' असतं, ते दोन्हीकडे ओळख टिकवून धरतं. पुढे कधी बदललात तर तेवढा शब्द माहितीत शोधा.

मराठी_टंक

थोडं अवांतर, पण या धाग्यावरच्या पुष्कळांना लागेल. एकच कीबोर्ड दोन कॉम्प्युटरांवर फिरवताना मराठी टायपिंगची मांडणी दोन्हीकडे सारखी ठेवा. कीबोर्ड फक्त कोणती कळ दाबली तेवढं पाठवतो, त्यावर अक्षर कोणतं उमटायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या ओळखीत एकांकडे ऑफिसच्या यंत्रावर इनस्क्रिप्ट आणि घरी फोनेटिक होतं, त्यामुळे 'क' दाबायला गेलं की भलतंच यायचं. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आधीच असतं, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. भाषा बदलायचा शॉर्टकटही दोन्हीकडे एकच ठेवा.

शांभवी_न

हा मुद्दा मोलाचा आहे, माझ्याकडेही दोन्हीकडे इनस्क्रिप्ट करून घेतलं.

तर मंडळी, स्विच आला आणि सगळं जोडून झालं. डिस्प्लेपोर्टची केबल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली, दुकानदाराने समोर लावून दाखवली. वेलक्रोच्या पट्ट्याही तिथेच मिळाल्या. डबी टेबलाखाली चिकटवली आहे, बटण कीबोर्डच्या उजवीकडे. दाबलं की आधी कीबोर्डचे दिवे विझून परत लागतात, मग दोन-तीन सेकंदांत चित्र येतं. डेस्कटॉपवर १४४ हर्ट्झ शाबूत. लॅपटॉपच्या खिडक्या जागच्या जागी. एकूण खर्च तीन हजारांच्या आत.

एकच त्रास आहे. माउस मधूनमधून अडखळतो, विशेषतः वेबकॅम चालू असताना. आधी असं होत नव्हतं. स्विच खराब आला असेल का?

सर्व्हररूम

स्विच परत करायची घाई नको. माउसचं डाँगल वेबकॅमच्या अगदी शेजारच्या पोर्टात आहे का? आणि स्विच यूएसबी ३.० चा आहे का?

शांभवी_न

हो, दोन्ही हो. अगदी चिकटून आहेत.

सर्व्हररूम

मग कारण हेच. यूएसबी ३.० चा वेगवान व्यवहार चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर पसरते, आणि बिनतारी माउसाचं डाँगल त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. उपाय अगदी स्वस्त: एक फूटभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, डाँगल तिच्या टोकाला लावून टेबलावर माउसजवळ आणा. धातूच्या टेबलाखाली डबी असेल तर त्यानेही सिग्नल मरतो, एक्स्टेन्शनने तेही सुटेल.

शांभवी_न

घरात पंख्याच्या जुन्या यूएसबी वायरसोबत आलेली एक्स्टेन्शन सापडली. लावली, माउस लोण्यासारखा चालतोय. तासभर व्हिडिओ कॉल करून पाहिलं, एकदाही अडखळला नाही.

वाचक_नाशिक

मी पण हाच बेत करतोय, एक शेवटची शंका. डिस्प्ले-स्विच डेस्कटॉपवर चालतो. मग सकाळी डेस्कटॉप बंद असेल आणि फक्त लॅपटॉपवर बसायचं असेल, तर मॉनिटर कोण फिरवणार?

तारायंत्र

कोणी फिरवायची गरज नाही. मॉनिटरच्या मेन्यूत 'ऑटो सोर्स' किंवा 'ऑटो इनपुट' असं असतं, ते चालू ठेवा. डेस्कटॉप बंद म्हणजे डिस्प्लेपोर्टला सिग्नल नाही, मग मॉनिटर स्वतःच एचडीएमआय शोधतो. दोन्ही चालू असतील तेव्हा डिस्प्ले-स्विच सांगेल तसं. दोघांचं भांडण होत नाही, कारण चालू इनपुटला सिग्नल असेपर्यंत ऑटो सोर्स सहसा हात घालत नाही.

फक्त एवढं बघा, की यूएसबी स्विच वीज गेल्यावर शेवटच्या जागी राहतो की पहिल्या कॉम्प्युटरवर येतो. बरेचसे पहिल्यावर येतात. तसं असेल तर पहिल्या पोर्टाला लॅपटॉप लावा, म्हणजे सकाळी वीज येऊन-जाऊन असली तरी कामाच्या यंत्रावर कीबोर्ड हजर.